तारेचं माप

हे अंकलेश्वरकडे तेलाच्या विहिरींवर कामाला लागले, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. साठ सालानंतरची गोष्ट. आमचं गाव शहाद्याकडे, तापीकाठी. घरात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि मी. हे दोन-तीन महिन्यांनी नंदुरबारला गाडीतून उतरायचे आणि चार दिवस राहून परत जायचे. तिथे कामावर यांना एक खोली मिळायची होती. ती मिळाली की मला नेतील की नाही, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. सासूबाई म्हणायच्या, "तठे ती काय करी? तिन्हं तोंडबी उघडत नई."

खरंच उघडत नव्हतं. सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर पुढे ओढून दाराआड उभी राहायची. भावजयीला मात्र दिराशी बोलायची, थट्टा करायची मोकळीक. जाऊबाई नवापूरच्या, सातवी पास. हे आले की ओट्यावर बसून त्याच विचारायच्या आणि हे त्यांनाच सांगायचे.

"सायेब, तेल आपलं-आपलं वर येस का?"

"नई भाभी, त्याले वाट करी देनी पडस."

मग हे सांगत सुटायचे. विहीर खणून झाली की तिच्यात लोखंडी नळ्या एकीखाली एक जोडून सोडतात. नळीच्या बाहेरून सिमेंट भरतात. म्हणजे विहीर चारी बाजूंनी बंद. तेल आत यायला वाट हवी, म्हणून तारेला बांधून एक लांब लोखंडी बंदूक खाली सोडायची. तिच्यात सुरुंगाच्या दारूच्या वाट्या बसवलेल्या, तोंडं बाजूला. वरून वीज दिली की सगळ्या एकदम उडतात आणि नळी, सिमेंट फोडून खडकात भोकं पाडतात. खडक घट्ट असला तर तेल त्या भोकांमधूनच काय ते पाझरतं. बंदूक जोडताना जवळपास वायरलेससुद्धा चालू देत नाहीत, त्याच्या लहरींनीही दारू उडायची भीती.

मला तेलाचं काही नव्हतं. पण हे सांगताना यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा माझ्याकडे बघून कधी उजळला नव्हता. एकदा मी सगळ्यांच्या भाकरीला तूप लावलं आणि जाऊबाईंच्या भाकरीला लावलंच नाही. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली, त्याचाही मला राग आला.

एका खेपेला हे उतरल्या तोंडानं आले. एक विहीर फार खोल होती. तळाशी इतकी उष्णता, की बंदूक जास्त वेळ ठेवली तर दारूच बिघडते. नळ्यांचे सांधे ओळखून बंदूक किती खोल गेली ते दाखवणारं यंत्र होतं, ते त्या उष्णतेनं बंद पडलं. परत वर ओढायला वेळ नव्हता. तेव्हा चाकावर तार किती सुटली, त्या मापावर भरवसा ठेवून बंदूक उडवली. भोकं पडली ती तेलाच्या थराखाली. तेलाऐवजी पाणी आलं.

"तार बरोबर मोजेल व्हती," हे म्हणाले. "तरी बंदूक खाले गई. सांगा भाभी, कशी?"

जाऊबाईंनी विचार केला. "मापमा चूक व्हयनी व्हई."

"नई."

सासरे म्हणाले, "जमीन धसनी व्हई."

"नई, दादा," हे वडिलांना म्हणाले.

आडावर मी रोज पाणी ओढायची. भरल्या घागरीच्या वजनानं नवा दोर वीतभर लांबतो, हे माझ्या हातांना माहीत होतं. आणि ही तर कोसभराची तार. दाराआडून माझ्या तोंडून निघून गेलं, "तार तानाई गई व्हई."

सासूबाई म्हणाल्या, "ल्या, आते धाकलीबी बोलाले लागनी!"

हे दाराकडे वळले नाहीत. जाऊबाईंकडे बघून म्हणाले, "बरोबर शे, भाभी. वजननी आणि गरमीनी तार लांबनी." आणि तार कशी लांबते ते त्यांनाच नीट समजावून सांगितलं. उत्तर माझं, आणि शाबासकी त्यांच्या पदरात. मी चुलीपाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात मिरच्या पसरत होते. हे ट्रंक घेऊन निघाले. आसपास कोणी नाही असं बघून माझ्याजवळ थांबले.

"तुले कसं समजनं?"

दोन वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर आला, आणि मी म्हणाले, "भाभीले इचारा."

ते ट्रंक सावरून निघून गेले. पुढचे तीन आठवडे मी स्वतःलाच शिव्या देत होते. वाटलं, आपल्याच जिभेनं खोली घालवली.

मग पत्र आलं. पत्र सासऱ्यांच्या नावे येई आणि जाऊबाई ते मोठ्यानं वाचून दाखवत. ख्यालीखुशाली झाली, पाऊसपाणी झालं. शेवटी त्या अडखळल्या. मग खालच्या आवाजात वाचलं, "खोली मिळाली आहे. धाकटीला आणून सोडावे. तिला बोलता येते, तेव्हा तिचे इथे निभेल."

सासूबाईंना नीट ऐकू गेलं नाही. "परत वाच," त्या म्हणाल्या.

मला वाचता येत होतं. पण मी पत्र हातात मागितलं नाही. दाराआडून जाऊबाईंचा चेहरा बघत राहिले आणि ती ओळ त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकली.