सिमेंटवरची कुस्ती

माझे व्हिडिओ बघून लोक खाली लिहितात, "काय उडतो गडी!" वाचलं की माझं डोकं फिरतं. उडतं ते पाखरू. मी हाणतो. बास्केटबॉलात डंक म्हणजे दुसरं काय असतं? चेंडू लांबून फेकायचा नाही, उडी मारून रिंगच्या वर न्यायचा आणि तिथून खाली आदळायचा. समोर कोणी उभा असेल तर त्याच्या तोंडावर आदळायचा. आज मला त्याचा पगार मिळतो, म्हणून त्याला खेळ म्हणतात.

मी हे ज्या रिंगवर शिकलो ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मैदानावर होती. हल्लीच्या रिंगा अंगाचं वजन पडलं की जरा लवतात. ती लवायचं नाव घेत नसे. जाड सळई वाकवून कोणीतरी वेल्डिंग केलेली, आणि वेल्डिंगचे काटे तसेच ठेवलेले. माझ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेघा आहेत, त्या तिथल्या. खाली सिमेंट. भुसावळच्या उन्हात दुपारी त्यावर पडलं की कातडं तिथेच राहायचं आणि आपण उठून यायचो. आमच्या संघाचे सर म्हणायचे, "रड नंतर, आधी डिफेन्सला पळ." सर रागावले की शिट्टी फेकून मारत. नेम चांगला होता.

आमचं घर असोद्याला. वडील, म्हणजे आबा, केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. माझी उंची वाढायला लागली तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला, कारण बाकीचे केळीचा घड खांद्यावरून वर देताना कण्हायचे आणि मी खालूनच थेट ट्रकात भिरकावायचो. केळीच्या चिकाने माझे सगळे शर्ट काळे पडले होते. तो डाग जात नाही. संघाचा पांढरा बनियन मी मायच्या ट्रंकेत लपवून ठेवायचो, तोही शेवटी काळा झालाच.

आबा तरुणपणी कुस्ती खेळायचे. दोन्ही कान चिरडून भज्यासारखे झालेले. जामनेरकडच्या कुस्त्यांच्या दंगलींत त्यांचं नाव होतं असं गावातली म्हातारी माणसं सांगत. मी पैलवान होणार नाही हे माझ्या काटकुळ्या तंगड्यांकडे बघून त्यांना लवकरच कळलं, आणि तो राग त्यांनी माझ्यावर काढला. आबा मारायचे. हे गोड करून सांगण्यासारखं नाही. दारू पिऊन नव्हे, चांगले शुद्धीत मारायचे, केळीच्या पानाच्या ओल्या दांड्याने. तो तुटत नाही, नुसता लपकतो. मला त्यांचा तिरस्कार होता. आणि त्यांनी एकदा तरी माझा खेळ बघावा म्हणून जीवही तुटायचा. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

धुळ्याच्या संघात एक सेंटर होता, म्हणजे रिंगखाली ठाण मांडणारा दांडगा गडी. माझ्यापेक्षा बुटका, पण अंगाने नुसता कणगा. एका वर्षी अंतिम सामन्यात मी डंकसाठी वर गेलो आणि हा गडी हवेतल्या माझ्या पायांखाली घुसला. चेंडू कुठे गेला मला माहीत नाही. मी पाठीवर आपटलो. श्वास बंद. डोळ्यांसमोर आभाळ होतं आणि त्याचं तोंड होतं, आणि ते तोंड हसत होतं. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आबा ओट्यावर बसले होते.

"पाठ लागली का?" त्यांनी विचारलं.

कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. पुढे काही विचारायचं नसतं. मी म्हणालो, "लागली."

त्यांनी दांडा उचलला आणि त्याच पाठीवर हाणला. "पाठ लावून आला! माह्या घरी पाठ लावून आला!" माय मध्ये पडली, तिलाही दोन बसले. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस मेला तरी रडणार नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा आम्ही आणि धुळेच अंतिम सामन्यात आलो. मी बारावीला गटांगळी खाऊन घरी बसलेलो, रोज पहाटे ट्रकवर. सरांनी बोलावून सांगितलं, "एका व्यावसायिक संघाचा माणूस बघायला येतोय. उंच पोरं शोधतोय. तुझ्यासाठी ही पहिली गाडी आणि शेवटचीही. चुकली तर घड फेक आयुष्यभर." मला बाहेर जायचं होतं. पण आबांनी सोडल्याशिवाय जाता येणार नव्हतं. आमच्याकडे मोठा मुलगा असा निघून जात नाही. गेला तर मायने काय भोगलं असतं ते मला ठाऊक होतं.

जेवताना मी विषय काढला. आबांनी भाकरी मोडली, ठेचा लावला, खाल्ली.

"ठीक शे," ते म्हणाले. धुळ्याकडच्या मजुरांत राहून त्यांच्या तोंडी ते 'शे' बसलं होतं. "मी येतो पाह्यले. त्या धुयावाल्याले पाड. पाडलं तं जाय कुठी जायचं तिठी. पुन्हा पाठ लावली तं दुसऱ्या दिवसापासून गाडीवर, अन् खेळाचं नाव काढायचं नही."

"आबा, त्यात पाडायचं नसतं."

"मंग कोन जितलं हे कसं समजते?"

मी सांगायला गेलो. दोन गुण, तीन गुण, चार डाव, फाउल. त्यांच्या कपाळावरची शीर फुगायला लागली. ती शीर फुगली की पुढे काय होतं हे माझ्या पाठीला पाठ होतं. मी गडबडीने म्हणालो, "हे पाहा, मी वरून हाणला की समजायचं धुळेवाला पडला."

"असं सांग ना मंग," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

सामन्याच्या दिवशी आमच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर केळीचे दोन टेम्पो भरून गाव आलं. बरोबर हलगी, गुलालाची पिशवी, आणि आबांच्या काखेत घडी घातलेला नवा कोरा भगवा फेटा. दंगलीला जातात तसे आले होते. सर म्हणाले, "हे काय आणलंस?" मी म्हणालो, "पब्लिक." त्या वेळी मला अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

सामना पहिल्या मिनिटापासून घाणेरडा होता. त्या सेंटरने पंचांची पाठ वळली की कोपर घातलं. माझा खालचा ओठ फाटला. मी त्याच्या बरगडीत गुडघा दिला. तो कानात म्हणाला, "गयेल साल भुली ग्या का रे? तुना बाप आयेल शे ना? त्याले बी दखाडू." माझी पाठ लागलेली आबांनाही दाखवणार म्हणे. मी रक्त गिळलं आणि पळत राहिलो. गुण त्यांचे वाढत होते. पलीकडच्या खुर्चीत बाहेरून आलेला तो माणूस टोपी घालून बसला होता, टाळी वाजवत नव्हता.

तिसऱ्या डावात मला चेंडू मोकळा मिळाला. सेंटर आडवा आला, पण उशिरा आला. मी त्याच्या खांद्यावरून वर गेलो आणि त्या सळईच्या आत चेंडू असा घातला की आख्खा खांब हलला. तो मागे कोलमडून ढुंगणावर बसला.

आम्ही अजून चार गुणांनी मागे होतो. हे आमच्या गावाला कोण सांगणार?

हलगी कडाडली. "पडला! पडला!" करत सगळं असोदं मैदानात घुसलं. गुलाल उधळला. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. मी वरून ओरडतोय, "उतरवा! संपलं नाही! संपलं नाही!" पण हलगीत कोण ऐकतो. आणि समोरून आबा फेटा सोडत, माणसं बाजूला सारत येत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हसत होते. माझ्याकडे बघून हसत होते.

सेंटर उठला. त्याने आबांच्या हातातला फेटा हिसकला, खाली टाकला आणि त्यावर बूट ठेवला.

पुढचं फार पटकन झालं. आबांनी वाकून त्याचा हात ओढला, खांद्यावर घेतला आणि धोबीपछाड मारली. तेवढं धूड हवेतून गेलं आणि सिमेंटवर पडलं. तो आवाज मी ओळखला, गेल्या वर्षी तो माझ्या आतून आला होता. मग धुळ्याची पोरं आबांवर, आमचं गाव त्या पोरांवर. खुर्च्या उडाल्या. हलगीवाल्याचं डोकं फुटलं आणि हलगीही फुटली. सरांच्या नाकातून रक्त येत होतं आणि ते त्याच नाकाने शिट्टीवाल्या पंचांना शिव्या देत होते. मी कोणाला मारलं ते मला आठवत नाही, मारलं एवढं आठवतं, आणि बरं वाटलं तेही आठवतं.

हवालदारांनी काठ्या चालवल्या तेव्हा थांबलं. मोठ्या पंचांनी लोक मैदानात घुसले म्हणून आमच्यावर टेक्निकल फाउल लावला आणि धुळ्याला एक फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाचा मोकळा नेम, दिला. तो त्यांनी घातला. मग आबांकडे बोट करून पंच म्हणाले, "हा माणूस मैदानाबाहेर गेला तरच खेळ सुरू होईल. नाहीतर सामना धुळ्याला."

मला वाटलं, आता आबा पंचांनाही उचलतात. आबांनी माझ्याकडे बघितलं. "संपलं नही का?"

"नाही आबा. अजून मागे आहोत आपण."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी फेटा उचलला, झटकला. आखाड्यात पंचाचा शब्द मोडत नाहीत. गावाकडे वळून ते म्हणाले, "जो उठीन त्याची तंगडी मोडीन." आणि फाटकाबाहेर गेले. भिंत उंच होती. तिकडून काही दिसत नव्हतं.

सेंटर लंगडत पुन्हा उभा राहिला. भित्रा नव्हता, एवढं त्याला द्यावंच लागेल. उरलेला खेळ आम्ही दोघं एकमेकांना कुटतच खेळलो. शेवटच्या क्षणाला आम्ही तीन गुणांनी मागे. चेंडू माझ्याकडे आला. मी शिरलो, उडी घेतली, आणि वर गेल्यावर मला ते दिसलं. तो पुन्हा पायांखाली येत होता.

चेंडू मी घातलाच. त्याच्या खांद्याने माझे पाय उडवले, अंग आडवं झालं, रिंगवरची बोटं सुटली. खाली सिमेंट होतं आणि माझी पाठ त्याच्याकडे तोंड करून होती. त्या वेळी डोक्यात ना संघ होता ना टोपीवाला. ओट्यावर बसलेले आबा होते. मी हवेत अंग पिळलं आणि उजवा हात खाली घातला. मनगट कट्कन वाजलं. सुकी काटकी मोडावी तसं. गुडघा टेकला, हनुवटी आपटली. पाठ लागू दिली नाही.

आमच्या गावातून चूं असा आवाजही आला नाही. एकही जण उठला नाही.

बास्केट धरलं गेलं. पंचांनी एक फ्री थ्रो दिला, तो पडला असता तर बरोबरी होती. सरांना माझा हात दिसला, ते बदली खेळाडू काढायला लागले. मी मान हलवली. डाव्या हाताने फेकला. रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला. एका गुणाने हरलो. त्याच एका गुणाने, जो हलगीने घालवला होता.

टोपीवाला माझ्याजवळ आला. सुजलेला हात बघून म्हणाला, "प्लास्टर उतरेगा तब आ जाना।" मग जरा थांबून, "और पिताजी को भी ले आना। हमको सेंटर भी चाहिए।" मला हसू येईना. मला माहीत होतं की निकाल अजून भिंतीपलीकडे आहे.

टेम्पोत मागे केळीच्या पाल्यावर मी बसलो, शेजारी आबा. दवाखान्याकडे निघालो. फेटा त्यांच्या मांडीवर होता, गुलालाने आणि बुटाच्या मातीने मळलेला. 

"आता संपलं का?"

"संपलं."

"जितलो?"

"हरलो आबा. एका गुणाने."

टेम्पो खड्ड्यातून गेला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"त्यानं पुन्हा पाय काढले?"

"हो."

"पाठ लागली का?"

"नाही. हात टेकला."

आबांनी फेट्याची घडी मोडली. माझा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. ज्या हातांचा मार मी लहानपणापासून खाल्ला होता त्याच हातांनी फेटा मनगटाला गुंडाळला, उरलेला माझ्या गळ्यात अडकवला आणि गाठ मारली.

"मंग कुठी हारला?" ते म्हणाले. "जाय तू."

मग पाल्यात तोंड खुपसून मी गुरासारखा रडलो, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.