लाल वाटेनं आलेला पाळणा

मिस्त्रीचा अर्धा जन्म लाकडात गेला आणि उरलेला भांडणात. त्यानं बसवलेल्या दाराला फट आहे असं कुणी नुसतं म्हणालं, तर तो दार उतरवून घरी घेऊन यायचा. आता लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी तो बायकोला घेऊन परदेशी निघाला होता. सोबत स्वतःच्या हातचा पाळणा होता. सुटा करून, चादरीत गुंडाळलेला.

जावयानं फोनवर पढवून ठेवलं होतं, "बाबा, उतरल्यावर दोन वाटा लागतील. लाल पाटी सामान दाखवणाऱ्यांची. तुम्ही हिरव्या पाटीखालून सरळ या. कुणी विचारत नाही."

उतरल्यावर मिस्त्री लाल पाटीकडे वळला.

"अहो, हिरवी म्हणाला होता तो," बायकोनं बाही ओढली.

"लाकूड आणलंय का, असं विमानात दिलेल्या त्या कागदावर विचारलंय. आणलंय. लपवायला मी काय चोर आहे?"

"चोर नाही, हट्टी आहात."

लाल वाटेला रांगच नव्हती. ज्यांच्या बॅगा चेन तुटेपर्यंत फुगल्या होत्या, ती सगळी बडी मंडळी हिरव्या पाटीखालून माना ताठ करून चालली होती.

टेबलामागच्या कस्टमवाल्या बाई फोनशी त्यांच्या भाषेत बोलल्या आणि फोन आपल्या भाषेत म्हणाला, "कृपया वस्तू उघडून दाखवावी."

"जावयापेक्षा फोनलाच वळण बरं आहे," बायको म्हणाली.

बाईंनी पाळण्याची वरची दांडी बॅटरीखाली धरली, मग पांढऱ्या कागदावर आपटली. कागदावर पिठासारखा भुसा पडला.

"पॉलिशची धूळ आहे ती," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी पुन्हा आपटली. पुन्हा पीठ. फोन म्हणाला, "या लाकडात जिवंत कीड असू शकते. असे लाकूड देशात आणता येत नाही."

"माझ्या लाकडात कीड? आख्ख्या गल्लीत जाऊन विचारा—" त्याचा आवाज एवढा चढला की फोनला काही उमगेना. तावातावानं त्यानं चष्मा चढवला, दांडी डोळ्यांशी नेली. सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. आवाज आपोआप खाली आला.

बायकोनं दांडी घेतली, भोकांशेजारच्या बारीक खाचांवरून बोट फिरवलं. "हे दात आहेत. आपल्या पोरीचे. ही तिच्या पाळण्याची दांडी. तुम्ही तर म्हणालात, सगळं नवं लाकूड."

"एकच जुनी घातली," तो पुटपुटला. "रंधा घेतला हातात. दातांवर चालवेना."

नव्यात जुनं मिसळू नका, असं जो गिऱ्हाइकांना दरडावायचा, त्यानं घरच्या कामाला शहाणपण खुंटीला टांगलं होतं.

फोननं नियम सांगितला. आपणहून दाखवलंत म्हणून दंड नाही. दांडी हवीच असेल तर पाळणा इथं ठेवा. औषधाची धुरी देऊन दोन महिन्यांनी मिळेल, खर्च तुमचा. नाहीतर दांडी सोडा, ती जाळू. बाकीचे तुकडे स्वच्छ निघाले तर आत्ता घेऊन जा.

"थांबू की दोन महिने," बायको म्हणाली. "तिचे दात तरी राहतील."

"आणि बाळ काय तोवर बॅगेत निजवायचं? आठवड्यावर आलंय."

त्यानं दांडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ती बाईंपुढे ठेवली. मग एकेक तुकडा स्वतःच कागदावर आपटायला लागला, बाईंपेक्षा जोरात. "हा बघा. हापण बघा." बाई हातानं पुरे, पुरे करत होत्या, ऐकतो कुठला. शेवटपर्यंत कागद पांढराच राहिला.

निघताना तो फोनपुढे वाकला. "जाळायची ती नीट जाळा म्हणावं. किडा सुटला तर नाव माझं खराब व्हायचं."

फोननं ते सांगितलं तशा बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

बाहेर लेक पोट सावरत उभी होती. तिनं गळ्यात पडायला हात पसरले.

"आधी सांग, इथं लाकडाची वखार कुठाय?" मिस्त्री म्हणाला. "हातभर दांडी हवी. आणि जुनं लाकूड दाखवलं तर घ्यायचं नाही, सांगून ठेवतो."

"सांगतंय कोण बघा," बायको म्हणाली.