सुपडू मिस्तरीच्या तिजोरीतले आकडे

दोन हजार चोवीस साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. यावलला लेकीकडे गेलो होतो, केळीच्या घडांची गाडी भरत होते तिथे उभा होतो, आणि सुपडूचा पुतण्या प्रमोद याचा फोन आला, "आबा, काका गेले." यावलहून जळगाव, जळगावहून पारोळा, दोन एसट्या. पोहोचलो तर चिता विझत आलेली. दोन तास थांबले नाहीत. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर तिजोऱ्या हलवल्या त्याचं तोंड पाहू दिलं नाही. तो राग मी गिळला. पण दहाव्याला जे झालं ते गिळता येत नाही, म्हणून हे लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, गोष्ट सरळ आहे.

सुपडू मिस्तरी म्हणजे नंबर हरवलेल्या तिजोऱ्या उघडणारा माणूस, आणि मी हमाल. घरातला म्हातारा नंबर न सांगता जायचा, मग पोरं लोखंडासमोर हात जोडून बसायची आणि धुळ्याहून, चाळीसगावहून सुपडूला बोलावणं यायचं. मी तिजोरी भिंतीपासून पुढे ओढायची. तो गोणपाटावर बसायचा, डाव्या कानात कापूस, उजवा कान लोखंडाला, आणि आकड्यांची चकती एकेक रेघ फिरवायचा. पंखा बंद, बोलणं बंद. कधी दोन-दोन दिवस. ड्रिल त्याने जन्मात हातात धरलं नाही. शेवटचा आकडा लागला की उठायचा, मुठीला हात लावायचा नाही, माझा दंड धरून मला बाहेर न्यायचा आणि बाहेरून मालकाला सांगायचा, "आता मूठ तुम्ही फिरवा." आकडे मांडलेला कागदाचा तुकडा मालकाच्याच चुलीत टाकायला लावायचा, आणि जळेपर्यंत उभा राहायचा. एकदा चाळीसगावला मी मान लांब करून आत पाहिलं. पारोळ्यापर्यंत बोलला नाही. उतरताना म्हणाला, "भिक्या, तिजोरी त्यासनी शे. आपण कसाले देखानं?" त्यानंतर मी कधी पाहिलं नाही.

अशा माणसाच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवून आम्ही घरी येतो तोच, गावातले चार व्यापारी मांडवात येऊन बसले. चौघांच्याही तिजोऱ्या त्यानेच उघडलेल्या. त्यातला सराफ प्रमोदला म्हणाला, "मिस्तरीकडे सगळ्यांचे नंबर लिहिलेले असणार. घरातली ती तिजोरी आमच्यासमोर उघडा." बाकीच्यांनी माना हलवल्या. तोंडात दहाव्याचाच लाडू होता.

मी म्हटलं, "शेठ, कागद तुमच्या चुलीत तुमच्यादेखत जळला, विसरले का?"

"आबा, कागद जळतो. डोक्यातलं कुठं जळतं?"

"डोकं दहा दिवसांपूर्वी जाळलं ना. माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत."

प्रमोदला तिजोरीत काय आहे ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सांगितलंही. कोणी मानलं नाही… आता तुम्हाला सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी डॉक्टरने सुपडूच्या तोंडातला पांढरा चट्टा पाहून तंबाखू सोडायला सांगितली. सुपडू हो म्हणाला आणि बाहेर येऊन मळायला लागला. यमुनाअक्काने, त्याच्या बायकोने, ते पाहिलं. धुळ्याहून भंगारात आणलेली एक तिजोरी घरात होती, तिच्यात तिने त्याची तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी टाकली. नंबर बदलायचं कुलूप त्यालाच मोकळं करून द्यायला लावलं, आणि म्हणाली, "तिकडे तोंड करा. नंबर मी लावस." वर शब्द घेतला, की या तिजोरीला कान लावायचा नाही. साऱ्या खानदेशातल्या तिजोऱ्या उघडणारा माणूस स्वतःच्या घरात हात बांधून बसला. आम्ही किती हसलो. तो पण हसायचा, पण कान लावला नाही. चार वर्षांपूर्वी अक्का गेली, नंबर तिच्याबरोबर गेला. मी म्हटलं, आता तरी उघड. म्हणाला, "ती गयी म्हनीसन शबद गया का?"

तर त्या तिजोरीवर यांचा संशय. दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी प्रमोदने जळगावहून गॅस कटरवाला आणला. ज्याने कुणाच्या लोखंडाला भोक पाडलं नाही, त्याची तिजोरी जाळून कापायची. मी तिजोरीला पाठ लावून बसलो. म्हटलं, आधी मला काप.

कटरवाला भला होता. समजावायला लागला, "आबा, शून्य ते नव्व्याण्णव, असे तीन आकडे. दहा लाख नंबर होतात. जन्म जाईल तुमचा."

"माझा गेलाच आहे. तुझे दहा लाख असतील. अक्काचे वीसच."

अक्का गोवऱ्या विकायची, विसाच्या हिशोबाने. एक वीस, दोन वीस. साक्षरतेच्या वर्गात वीसपर्यंत आकडे वाचायला शिकली आणि घरी बसली. बाई बोलवायला आल्या तर म्हणाली, माझं विसात भागतं. जो आकडा तिला वाचता येत नव्हता तो ती लावणार कशी? आणि जुन्या चकतीत एक रेघ इकडेतिकडे चालते, हे सुपडूच्या शेजारी बसून मला माहीत. म्हणजे दोन, पाच, आठ, असे विसापर्यंत सातच आकडे, तीन जागी. प्रमोदने मोबाइलवर गुणाकार केला, म्हणाला तीनशे त्रेचाळीस. मी तितके तुरीचे दाणे मोजून घेतले आणि गोणपाटावर बसलो.

कान लावला नाही. शब्द त्याचा होता, पण मीही पाळला. नुसता फिरवत गेलो, एक नंबर चुकला की एक दाणा पलीकडे. दोन दिवस गेले. बोटं सुजली, मान धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी, थोडेच दाणे उरले असताना, चकती अडकून थांबली, म्हणजे नंबर लागला. मुठीला हात लावला नाही. चौघांना बोलावणं धाडलं, प्रमोदला म्हटलं, मूठ तू फिरव, आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

आत मूठ फिरल्याचा आवाज आला. मग प्रमोद आला. ओंजळीत तंबाखूची पिशवी, वाळून पाचोळा झालेली, आणि चुन्याची डबी. "आबा, दुसरं काहीच नाही." रडत होता. चौघे चपला घालत होते. सराफ म्हणाला, "चला, खात्री झाली."

खात्री झाली म्हणे. माफी नाही, दोन शब्द नाहीत. उंदीर नाही ना, असं पाहून पोतं बाजूला सारावं तसे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपडूच्या घरी गेलो. डबी परत तिजोरीत ठेवली, दार लावलं, चकती फिरवली. नंबर प्रमोदलाही सांगितला नाही. मग पिशवी घेऊन बाजारात गेलो. दुकानं नुकती उघडत होती. चौघांच्या गादीवर एकेक चिमूट ठेवली. सराफाचा शेवटचा नंबर. तो देवाला धूप दाखवत होता.

"हे काय आबा?"

म्हटलं, "मिस्तरीच्या तिजोरीत सापडलेले तुमचे आकडे. धुपाटण्यात टाका. जळेपर्यंत मी उभा आहे."