वारावरचं पुस्तक

आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, दोन कपाटं आणि एक गुरुजी. निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत, शाळाही उर्दूत. मराठी वाचणारं माणूस हुडकावं लागायचं. एका वर्षी गुरुजींच्या मनात आलं, अख्ख्या गावानं मिळून एक पुस्तक वाचायचं. प्रत मात्र एकच होती. त्यांनी स्वतःच्या हातानं तिची शिवण उसवली, सात भाग सुटे केले, प्रत्येकाला जाड कागद लावला आणि घरोघर पाळ्या ठरवून दिल्या. गरीब विद्यार्थी रोज वेगळ्या घरी वार लावून जेवतो, तसं आमचं पुस्तक घरं फिरू लागलं. "आज तुमच्याकडं वाराला कोन?" असं बायका आडावर एकमेकींना चिडवायच्या.

आमच्या घराची पाळी सगळ्यांत शेवटी होती, आणि ती मुद्दाम तशी लावलेली होती. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, क्षय झाला होता. टेंभुर्णीला दिलेली, नवरा गेल्यावर परत आलेली, आणि दुखण्यात पडल्यापडल्या गुरुजींच्या बायकोकडून बाळबोध अक्षरं शिकलेली. हे तिचं पहिलंच पुस्तक. जत्रेत हरवलेल्या एका मुलीची गोष्ट होती. आक्का शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचायची, दम लागला की थांबायची आणि थांबली तिथं कोळशाचा बारीक ठिपका द्यायची. मी वाचून दाखवतो म्हटलं की अंगावर यायची.

"जन्मभर लोकांनी सांगितलेलं ऐकलं. हे मी वाचीन. ती पोरगी घरी जाती का न्हाई, ते मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

सहा भाग झाले. सातवा यायचा होता. वैद्य मला अंगणात घेऊन म्हणाले, आता फार दिवस धरू नका.

शेवटचा भाग सगळ्या घरांतून फिरून आला की देवळात जमायचं, सगळ्यांनी मिळून तो ऐकायचा, असं गुरुजींनी ठरवलं. त्यासाठी परवानगीचा अर्ज हवा. तो मी लिहिला. गावात उर्दू अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता आणि मला त्याची भलती घमेंड होती. आधी चार ओळी हुजुरांची तारीफ, मग मुद्दा, ही माझी पद्धत. मुद्द्यात मी झोकात लिहिलं की देवळात वाचनाचा 'जलसा' भरवायचा आहे. मराठीत जलसा म्हणजे गाणंबजावणं, चार लोकांची करमणूक. उर्दूत जलसा म्हणजे सभा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात उर्दू लिहीत होता आणि डोकं मराठीत होतं. सभेच्या नावानं त्या दिवसांत अधिकाऱ्यांचा जीव वरखाली व्हायचा.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीन आले. खोलीला कुलूप लागलं, गुरुजींना कचेरीत बसवून ठेवलं, पाळ्यांची यादी जप्त झाली. यादीतल्या घरांच्या झडत्या सुरू झाल्या. मी कचेरीत जाऊन हातापाया पडलो, शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. कारकून हसून म्हणाला, "तुम्हीच लिहिलं ना बराबर? मंग?"

सातवा भाग खोलीत नव्हता. ज्यांच्याकडे पाळी होती ते घर कापूस वेचायला कुंभार पिंपळगावला आपल्या शेतावर गेलं होतं, पुस्तक बरोबर घेऊन. बाजाराला निघालेल्या एका गाडीत मी बसलो. वाटभर बैलांच्या पाठीकडं बघत होतो आणि आक्काचा एकेक श्वास मोजत असल्यासारखं वाटत होतं. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नाही.

शेतावरच्या खोपटात त्या घरची म्हातारी चुलीपुढं बसली होती. मी नाव सांगताच तिनं पदर सावरला.

"कालच जाळलं, दादा. झडती येनार म्हून निरोप आल्ता. घाबरून गेलो आमी."

मी उंबऱ्यावरच बसलो. मग विचारलं, "मावशी, वाचलं होतं का?"

"नातवानं वाचून दावलं. पोरगी घरी येती, पन माय वळखत न्हाई. मंग पायावरचा भाजल्याचा डाग बघती, अन् पोटाशी धरती."

एवढंच घेऊन मी परतलो. आक्का भिंतीला टेकून बसली होती. माझे रिकामे हात तिनं आधी पाहिले.

"आक्का, मला कळलंय पुढं काय झालं ते. सांगतो."

"सांगू नको," ती म्हणाली. "लिहून दे. वाचीन मी."

माझं बाळबोध अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय दिलेलं. तरी त्या दुपारी मी एक पान लिहिलं. छापल्यासारखं वाटावं म्हणून जीव ओतला. जत्रा पांगल्याचं लिहिलं, वाटेवरच्या धुळीचं, कडुनिंबाचं, मावळत्या उन्हाचं. पान तिच्या हाती दिलं. तिनं पहिल्याच ओळीतला ऱ्हस्वदीर्घ कोळशानं सुधारला आणि माझ्याकडं बघून हसली. "मास्तर व्हायच्या लायकीचा न्हाईस तू," म्हणाली. मग खोकला आला. पान उशाखाली ठेवून म्हणाली, उरलेलं उद्या.

दुसऱ्या दिवशी तिनं थोडं वाचलं असावं. मी गुरुजींसाठी पुन्हा कचेरीत गेलो होतो. परत आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

ते पान अजून माझ्याजवळ आहे. चौथ्या ओळीच्या शेवटी कोळशाचा ठिपका आहे. मुलगी घरी पोचल्याचं मी पाचव्या ओळीत लिहिलं होतं. आधी चार ओळी सजावट, मग मुद्दा.