साळवी काकांची एसओएस गोळी

साळवी काका पंधरवड्यात चौथ्यांदा आमच्या कॅज्युअल्टीत आले, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टर सरांचा पारा चढला.

"कांबळे सिस्टर, यांना मानसोपचाराला पाठवा. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. छातीत जरा जळजळलं की ठाकुर्लीहून रिक्षा करून येतात. बेड अडतो."

कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग. अपघात, हार्ट अटॅक, सर्पदंश, सगळं आधी आमच्याकडे. काका यायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत टॉवेल आणि चपातीचा डबा घेऊन.

काकू मात्र रडकुंडीला आलेल्या. रविवारी चिपळूणला पणतूचं बारसं. "हे म्हणतात, हॉस्पिटलपासून लांब गेलो तर माझं काही खरं नाही. यांना टाकून मी कशी जाऊ, सिस्टर?"

मला कीव आली, आणि खरं सांगते, रागही आला. काकांची फाइल मागितली. आत त्यांच्या ठाकुर्लीच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. ॲसिडिटीची गोळी, पुढे एसओएस. गोळ्यांची स्ट्रिप जशीच्या तशी.

"काका, एकही गोळी घेतली नाहीत?"

"घरी कशी घेणार? तार ऑफिसात उभा जन्म गेला माझा. एसओएस बोट बुडताना पाठवतात. डॉक्टरांनीच लिहिलंय म्हणजे आधी हॉस्पिटल गाठायचं."

मी कपाळावर हात मारला. चिठ्ठीवर एसओएस म्हणजे त्रास झाला तरच गोळी घ्या, बाकी काही नाही.

"अहो, डॉक्टरांना विचारायचं ना."

"विचारणारच होतो. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली."

मी तिथूनच त्या डॉक्टरांना फोन लावला. ते हसायलाच लागले. "सिस्टर, कित्येक वर्षं हेच लिहितोय. आजवर कोणी विचारलं नाही."

"विचारत नाहीत, साहेब. आमच्याकडे येतात."

मग ते हसायचे थांबले.

काकांनी माझ्यासमोर गोळी घेतली. अर्ध्या तासाने चहा मागितला. गोळीने थांबलं नाही, घाम फुटला, हात दुखला, तर मात्र जवळचं हॉस्पिटल गाठा, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. सरांनी मानसोपचाराची चिठ्ठी गुपचूप फाडली.

रविवारी काकूंनी फोटो पाठवला. काका पाळण्याची दोरी धरून बसलेले.

चार ईसीजी झाले, दोनदा रक्त तपासलं. चिठ्ठी समजावून सांगायला मला एक मिनिट लागलं. ते मिनिट ठाकुर्लीतच मिळालं असतं, तर काकांची आणि माझी ओळखच झाली नसती.