सही कवितेखालीच मिळेल

सही मागणाऱ्याला इतका त्रास देणारा कवी आमच्या शिनोलीच्या मामांशिवाय अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. मामा निवृत्त वायरमन. जन्मभर खांबांवर चढले आणि उतरल्यावर कविता केल्या. पदरमोड करून संग्रह काढला, तेव्हापासून त्यांचा एकच नियम: पहिल्या पानावर सही करायची नाही. पुस्तक न्या, वाचा, कोणती कविता आवडली आणि का, ते कळवा आणि पुस्तक परत पाठवा. त्या कवितेखाली सही होऊन टपालाने घरपोच येईल. नागपूरच्या एका बाईंनी भाबडेपणाने कळवलं, "सगळ्याच आवडल्या." मामांनी उलट टपाली उत्तर धाडलं, "सगळ्याच म्हणजे एकही नाही. पुन्हा वाचा." एका कॉलेजकुमाराला नुसती सही हवी होती. त्याला मामांनी लांबलचक पत्र लिहून त्याच्या गावच्या लोडशेडिंगची चौकशी केली आणि खाली सही करायलाच विसरले.

पार्सलं बांधायचं काम मामींचं. सुतळीची गाठ आवळताना म्हणायच्या, "पुस्तक जातंय, येतंय, पुन्ना जातंय. सासरवाशिणीला बी एवढं म्हायेर नसतंय!" मामा हसायचे, पण एक सल होता. सही मागणारे सगळे लांबचे. घरातून कुणी मागितली नव्हती. "हिला वाचता येतं राव, पण माझं एक पान उलटलं न्हाई," असं ते मला हळूच म्हणायचे, आणि मला वाईट वाटायचं.

गेल्या दिवाळीत मी तिथंच होतो. मामी हात पुसत आल्या आणि सुतळीची खूण घातलेलं पान मामांपुढे ठेवलं. "ह्याच्याखाली करा." तरुण वायरमनला खांबावरून एक मुलगी डोक्यावर मोळी घेऊन जाताना दिसते, अशी ती कविता. ती मुलगी म्हणजे मामीच. मामांनी पेनाचं टोपण काढलं, पण नियम तो नियम.

"का आवडली?"

"आवडली कुठं? मोळी न्हवती ती, हिरड्याचं पोतं व्हतं. आदी ते नीट करा."

"अगं, वृत्त मोडतंय!"

"माझी मान मोडत व्हती, त्याचं काय?"

मामांनी मोळी खोडून पोतं लिहिलं आणि सही केली. आता ते जुन्या वाचकांना पत्रं लिहितात, 'पुस्तक परत पाठवा, एक दुरुस्ती राहिली आहे.' आणि नवल म्हणजे पुस्तकं येतात! बांधण्याआधी मामी प्रत्येकातलं ते पान उघडून वाचतात. मामा समोर बसून त्यांच्याकडे बघत राहतात, खांबावर न चढता.