इस्त्रीची वायर

गरम इस्त्रीच्या वासावरून आता आईची गोड आठवण येणार असं वाटत असेल, तर सॉरी यार, मला दादाची जळालेली गाडी आठवते. टुरिस्ट टॅक्सी म्हणून चालवायला त्याने ती सेकंडहँड घेतली होती. नाहूरला बिल्डिंगखाली मी तिच्यात हजार वॉटचा ॲम्प्लिफायर बसवत होतो, आणि बॅटरीपासून ओढली जुन्या इस्त्रीची वायर. इस्त्री पण हजार वॉटचीच होती ना! गावच्या शाळेत सर नाकातून शिकवायचे, "व्होल्टेज कमी, तर तेवढ्याच पॉवरला करंट जास्त, बाळांनो." त्यांची नक्कल करून मी अख्खा वर्ग हसवायचो, घरी दादालाही, अर्थ मात्र कधी ऐकला नाही. घरात दोनशे तीस व्होल्ट, गाडीत बारा, म्हणजे त्याच बारीक वायरीतून जवळपास वीसपट करंट. आवाज वाढवला, गाणं दोन मिनिटं झकास वाजलं, मग कार्पेटखालून धूर आला आणि बघता बघता सीट पेटल्या. आज मी गाड्यांची वायरिंगच करतो, पण सरांचा आवाज त्यानंतर गळ्यातून निघालाच नाही. पाण्याची रिकामी बादली हातात घेऊन दादा ओरडला होता, "साधा फ्यूज पण नाही लावलास? पोट होतं रे माझं ते! कर ना आता नक्कल. हसव मला!"